तीन वर्षांपूर्वीचा आवाज

तोर्तियाच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या, दुकानात रांगेत उभं असताना आंपारो बारागानला स्वतःचाच आवाज ऐकू आला, आणि तोही पुढच्या बाईच्या पिशवीतून.

आधी रादिओ सुर्को या रेडिओ केंद्राची ती गिटारची धून वाजली आणि मग तिचा पहाटेचा, मायेचा आवाज. "ला नोरियातल्या माझ्या बायांनो, आजपासून पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा. प्यायचं, स्वयंपाकाचं, बाळाच्या दुधाचं, सगळं. उकळल्याशिवाय थेंबही पोटात जाऊ देऊ नका."

बाईनं फोन बाहेर काढला, कानाला लावून पुन्हा एकदा ऐकलं आणि मागे वळून म्हणाली, "ऐकलंत? पाणी परत बिघडलंय. दोन्या आंपारो सांगतेय म्हणजे खरंच असणार."

"हे कधीचं आहे?" आंपारोनं विचारलं.

"कधीचं म्हणजे? आजचंच. आजपासून म्हणतेय ना ती?"

"ती म्हणजे मी. आणि हे तीन वर्षांपूर्वीचं आहे. या वेळी पाणी उकळायचं नाहीये हो! अजिबात नाही!"

बाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. घामानं कपाळाला चिकटलेले पांढरे केस, गेलेल्या नवऱ्याचा शर्ट, पायात प्लास्टिकच्या चपला. "हो का? तुम्ही दोन्या आंपारो, आणि मी यंदाची विश्वसुंदरी," असं म्हणून ती आपल्या तोर्तिया घेऊन चालती झाली.

तिचं तरी काय चुकलं म्हणा. बावीस वर्षं आंपारो पहाटे साडेचारला माइकसमोर बसली. कामासाठी सीमा ओलांडून आलेली, स्पॅनिश बोलणारी अख्खी दरी तिचा आवाज ऐकत द्राक्षांच्या मळ्यात गेली, बदामाच्या कारखान्यात गेली, पण तिचं तोंड कुणी पाहिलं होतं? लोकांच्या मनातली दोन्या आंपारो, म्हणजे आंपारोबाई, उंच होती, गोरी होती, केसात फूलबिल माळणारी होती. ही बुटकी, गुडघेदुखीनं लंगडणारी बाई त्यांच्या हिशेबातच नव्हती.

ती संतापानं तशीच गाडीत जाऊन बसली. रेडिओची नोकरी जाऊन नऊ महिने झाले तरी रोज सकाळी सरकारी सूचना वाचायची तिची खोड गेली नव्हती. आज सकाळीही तिनं जिल्ह्याच्या पाणीखात्याचं पान उघडलं होतं. ला नोरियाच्या विहिरीत खताचा नायट्रेट उतरलाय, सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना ते पाणी कुठल्याही रूपात देऊ नये, आणि मुख्य म्हणजे उकळू नये, असं तिथं ठळक लिहिलं होतं. सगळं इंग्रजीत. खाली बारीक अक्षरात एक ओळ, की स्पॅनिश सूचना लवकरच देण्यात येईल. लवकरच म्हणजे कधी? बाळं लवकरच मोठी होऊन इंग्रजी शिकेपर्यंत? शंभर-सव्वाशे घरांची वस्ती, त्यातल्या पाच घरांत इंग्रजी वाचणारं माणूस सापडलं तर नशीब.

तीन वर्षांपूर्वी पाण्यात जंतू झाले होते; दोन-तीन दिवसांपासून पाण्याची कुजबुज सुरू झाली तशी कुणीतरी तेव्हाचीच सूचना पुन्हा फिरवली असणार. जंतू उकळून मरतात. नायट्रेट मरत नाही. चुलीवर रस्सा आटत गेला की तो खारट होत जातो ना, तसंच हे. पाणी वाफ होऊन जातं आणि विष सगळं खाली राहतं. म्हणजे जी आई जास्त काळजी घेणार, दहाच्या जागी वीस मिनिटं उकळणार, तिचंच बाळ आधी रक्तातला प्राणवायू कमी होऊन निळं पडणार. आणि हे तिला सांगत कोण होतं? आंपारो बारागान सांगत होती!

तिनं गाडीतच नवा संदेश रेकॉर्ड केला. मी आंपारो, तो जुना आवाज ऐकू नका, पाणी उकळू नका, बाळांना फक्त बाटलीतलं पाणी द्या. ठाऊक होते तेवढ्या सगळ्या गटांवर तो पाठवून दिला आणि तिला जरा बरं वाटलं.

तासाभरात तो परत आला. त्यावर लाल फुली मारली होती आणि खाली लिहिलं होतं, सावधान, हा आवाज खोटा आहे, यंत्रानं बनवलेला आहे, खऱ्या सूचनेच्या आधी रादिओ सुर्कोची धून असते, पाणी उकळत राहा, आपल्या माणसांना कळवा. आपल्या माणसांनी लागलीच सगळ्यांना कळवलंही होतं.

फुली मारणारा वेन्सेस्लाओ. सगळे त्याला वेन्चे म्हणत. कपडे धुण्याच्या दुकानाशेजारी त्याची फोन दुरुस्तीची टपरी होती, आणि फावल्या वेळात तो 'ला नोरियाची खबर' नावाचं पान चालवायचा. कुणाचं कुत्रं हरवलं, कुठं तमाले गरम मिळतात, कागद नसलेल्यांना पकडणारी इमिग्रेशनची गाडी कुठल्या चौकात दिसली, सगळं त्या पानावर. दरीतले बारा हजार लोक ते बघत. रेडिओ विकला गेल्यापासून तर तेवढंच उरलं होतं.

"वेन्चे, मला ओळखतोस?" आंपारोनं टपरीच्या खिडकीवर हात आपटला.

"बोला सेन्योरा, स्क्रीन फुटलीय का?"

"तुझं डोकं फुटलंय! मी आंपारो. तू ज्याला खोटा म्हणालास तो माझा आवाज आहे. माझ्या घशातून निघालेला!"

वेन्चेच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. आवाज त्यानं ओळखला होता, ते त्याच्या तोंडावर दिसलं. "आई गं! दोन्या आंपारो? माझी आजी तुम्ही बोलायला लागलात की टीव्हीसुद्धा बंद करायची."

"आजीचं राहू दे. ती फुली काढ आधी."

तो मान खाजवायला लागला. "त्याचं काय आहे, दोन्या, तीनशे लोकांनी पुढे पाठवलंय ते. आता मीच म्हणालो की माझं चुकलं, तर उद्या इमिग्रेशनची गाडी दिसल्याचं टाकलं तरी कोण ऐकेल? लोक म्हणतील, या वेन्चेला काही कळत नाही."

"मग बरोबरच म्हणतील! अरे, बाळं विष पितायत आणि तुला तुझ्या पानाची पडलीय?"

"धून आणा तुम्ही," तो गयावया करत म्हणाला. "रेडिओकडून त्या धुनीसकट आणा, मी या मिनिटाला टाकतो. मी तरी काय करणार? धून असेल तर खरं, हे लोकांच्या डोक्यात मी नाही घातलं. तुम्हीच बावीस वर्षं घातलंय."

हे मात्र खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिला जास्त लागलं. कुणी सांगीवांगी काही सांगितलं तर विश्वास ठेवू नका, आमची धून ऐकू आली की समजा पक्की बातमी, हे ती रोज सकाळी सांगायची. वेन्चेनं तिचेच शब्द तिच्या तोंडावर मारले होते.

टपरीच्या सावलीत उभं राहून तिनं लोसादाला फोन लावला. लोसादा म्हणजे ज्या कंपनीनं रादिओ सुर्को विकत घेतला तिचा व्यवस्थापक. तो राहायचा सहा तासांवरच्या मोठ्या शहरात. एका सोमवारी सकाळी यानंच केंद्रातल्या सातही जणांना एकाच फोनवर घेऊन घरी पाठवलं होतं आणि वर म्हणाला होता, तुम्ही आमच्या कुटुंबाचा भाग आहात. आता रेडिओच्या मनोऱ्यावरून दिवसभर गाणी वाजतात. गाणी निवडणारं यंत्रही त्याच्याच शहरात बसलंय, आणि ला नोरिया नकाशावर कुठं आहे हे त्या यंत्राला ठाऊक नाही आणि लोसादालाही नाही.

"दोन्या आंपारो! किती आनंद झाला," तो म्हणाला.

तिनं आनंदाला बाजूला सारून सगळं सांगितलं. बाळं, पाणी, जुना आवाज. "मला फक्त एक मिनिट द्या. धून लावा आणि एक मिनिट मला बोलू द्या."

"तुमच्या भावना मी समजू शकतो. पण आता आमच्या रचनेत बातम्या बसत नाहीत. तुम्ही संकेतस्थळावर अर्ज भरा, अठ्ठेचाळीस तासांत आमची टीम..."

"अठ्ठेचाळीस तास? बाळाला तीन तासांनी भूक लागते, लोसादा!"

"आवाज चढवू नका, प्लीज."

"बरं, नाही चढवत. मग नुसती धून द्या. मी माझ्या फोनवरून पाठवते."

"ते तर शक्यच नाही. धून कंपनीची आहे." तो आणखी मऊ सुरात म्हणाला, "आणि खरं सांगायचं तर ती तीन वर्षांपूर्वीची ध्वनिफीतसुद्धा कंपनीचीच आहे. तुमचा सगळा संग्रह आमच्याकडे आहे. तो कुणी परवानगीशिवाय फिरवत असेल तर आम्हीच कारवाई करू."

आंपारोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा आवाज गावभर लोकांना विष पाजत फिरत होता, आणि या गृहस्थाला काळजी कसली, तर मालकी हक्काची! "लोसादा, तुझ्या कंपनीच्या मनोऱ्याला आग लागो," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. बावीस वर्षांत तिच्या तोंडून असा शब्द कुणी ऐकला नव्हता.

मग तिनं ग्रंथालयात जाऊन पाणीखात्याच्या सूचनेच्या चाळीस प्रती काढल्या, पाण्याच्या यंत्रावरून सहा मोठे बाटले भरून गाडीत टाकले आणि निघाली ला नोरियाला. दुपारचे दोन वाजले होते. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. कामाला गेलेले अजून परतले नव्हते. घरात असतील त्या म्हाताऱ्या आणि बाळंतिणी. आंपारो वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत गाडी हळूहळू चालवायला लागली. तिसऱ्याच चाकांवरच्या घराबाहेर दोरीवर तळहाताएवढे मोजे दिसले, आणि ती उतरली.

दार वाजवलं. आतला रेडिओ बंद झाला. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली.

"बाळा, मी आंपारो बारागान. रादिओ सुर्कोची. दार उघड."

दार उघडलं नाही.

"बाळाला पाणी उकळून देतेस का? देऊ नकोस. तेच सांगायला आलेय."

"दोन्या आंपारोनी सांगितलंय उकळायला," दाराआडून एक कोवळा आवाज आला. "माझ्याकडे आहे ना त्यांचा संदेश. आणि त्यांच्या नावानं यंत्र बोलतंय, तेही मला माहितीय."

"अगं, मीच ती! यंत्र दार वाजवतं का?"

"इमिग्रेशनवाले वाजवतात. कुणी कितीही गोड बोललं, ओळखीचं नाव सांगितलं, तरी दार उघडायचं नाही. असेल तो कागद खालून सरकवायला सांगायचा. हेसुद्धा दोन्या आंपारोनीच सांगितलंय."

सांगितलं होतं. मागच्या वर्षी सलग दोन महिने, रोज सहा वाजता. पोरीनं शब्दही बदलला नव्हता. आंपारोनं मुकाट्यानं खाली वाकून एक प्रत दाराखालून सरकवली.

"हे इंग्रजी आहे," आतून आलं.

"माहितीय मला इंग्रजी आहे!" आंपारोचा तोल सुटला. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "त्या मेल्यांना दोन ओळी स्पॅनिशमध्ये लिहायला हात झडले होते! तो लोसादा गाणी वाजवत बसलाय, तो वेन्चे फुल्या मारत बसलाय, आणि तू! तू माझं माझ्यावरच उलटवतेस? उघड ते दार! गाढवासारखी हट्टाला पेटू नकोस!"

आतून कडी आणखी घट्ट लावल्याचा आवाज आला. "दोन्या आंपारो असं कधी बोलणार नाही," पोरगी म्हणाली. "ती किती प्रेमानं बोलते. तुम्ही जा, नाहीतर मी दिराला फोन करीन."

आंपारो पायरीवर बसली. स्वतःचा एवढा राग तिला जन्मात कधी आला नव्हता. गोड बोलावं तर यंत्र, चिडून बोलावं तर परकी. आणि रेडिओवर बोलणारी ती प्रेमळ बाई लोकांच्या फोनमध्ये बसून बाळांच्या बाटलीत विष कालवत होती, आणि तिला हटवायला हिच्याकडे काही म्हणजे काही नव्हतं.

तेवढ्यात आत बाळ रडलं. रडलं म्हणजे कण्हल्यासारखं, दोनदा, आणि थांबलं. आंपारोनं स्वतःची चार पोरं वाढवली होती. हे रडणं भुकेचं नव्हे, हे तिला लागलीच कळलं.

"पोरी, नाव काय तुझं?" तिनं हळू विचारलं.

"... नोएमी."

"किती महिन्यांचं आहे?"

"दोन. तादेओ."

"नोएमी, मी कोण ते सोडून दे. मी कुणीही असेन. तू फक्त त्याची नखं बघ. खिडकीपाशी उजेडात ने आणि बघ. आणि ओठ."

पावलं लांब गेली. मग आवाज आला, आणि तो दाराच्या अगदी जवळून. "राखाडी दिसतायत. कालपासून. पण मला वाटलं पंखा लागला असेल. मी तर वीस-वीस मिनिटं उकळते हो पाणी. एकदाही चुकले नाही."

"माहितीय मला. मी आता दारापासून लांब जाते. तिकडे रस्त्यावर निळी गाडी आहे, मी तिच्या पलीकडे उभी राहते, हात वर करून. तू खिडकीतून बघ. दुसरं कुणीही नाही. मग तुला वाटलं तर ये."

एकसष्ट वर्षांची बाई भर उन्हात दोन्ही हात वर करून उभी राहिली. आपल्याच लोकांसमोर, चोरासारखी. मिनिट झालं, दोन झाली. दार उघडलं आणि एक अनवाणी पोरगी बाळाला छातीशी धरून पळत सुटली.

इस्पितळात तादेओच्या शिरेतून औषध दिलं. औषध निळं होतं, आणि ते अंगात गेल्यावर निळं पडलेलं बाळ अर्ध्या तासात गुलाबी झालं. डॉक्टरीण म्हणाली की रात्र उलटली असती तर काही सांगता आलं नसतं. नोएमीनं आंपारोचा हात जो धरला तो सोडलाच नाही. "ला नोरियात आमच्या गल्लीत अजून सात बाळं आहेत," ती म्हणाली. "आणि शिरीन नावाच्या मळ्यापाशी माझी बहीण आहे, तिचं नऊ दिवसांचं." तिनं बहिणीला फोन लावला, मग जावेला, मग शेजारणीला. त्यांनी तिचं ऐकलं. पण तिला ठाऊक असलेले नंबर अकराच होते.

डॉक्टरणीनं जिल्ह्याच्या साहेबाला झापलं, साहेबानं घाईघाईनं कंपनीला फोन केला, आणि साडेपाच वाजता आंपारोचा फोन वाजला. लोसादा. एकाएकी त्याला ला नोरिया नकाशावर सापडलं होतं.

"दोन्या आंपारो, आम्ही समाजाच्या पाठीशी उभं राहायचं ठरवलंय. सहा वाजल्यापासून दर पंधरा मिनिटांनी तुमची सूचना लावू. धुनीसकट!"

"थेट बोलू द्या मला. मनोऱ्यावर येते मी, दहा मिनिटांत."

"थेट बोलायची यंत्रणाच राहिली नाही तिथे. मार्चमध्ये विकली. तुम्ही फोनवर रेकॉर्ड करून पाठवा."

म्हणजे आता दरीतल्या त्या एवढ्या मोठ्या मनोऱ्याला स्वतःच्या पायाशी राहणाऱ्या माणसांशी बोलताच येत नव्हतं!

"आणि एक विनंती," लोसादा पुढे म्हणाला. "तारीख, वार काही घेऊ नका. नुसतं 'आजपासून' म्हणा. म्हणजे पुढेमागे पुन्हा गरज पडली तर हीच वापरता येईल."

आंपारो भिंतीला टेकली. आजपासून. तीन वर्षांपूर्वी तिनंही तेच म्हटलं होतं. रेडिओवर नेहमी आजच असतं, तारीख कशाला हवी, असं ती नव्या मुलांनाही शिकवायची. बोललेलं वाऱ्यावर जाई आणि दुसऱ्या दिवशी ती नवं बोलायला हजर असे, तोवर ते ठीक होतं. आता काही म्हणजे काही विरत नव्हतं, आणि बोलायला माणूस राहिलं नव्हतं.

"पाठवते," ती एवढंच म्हणाली.

ध्वनिफितीतला कुठला तुकडा कुठं कापता येतो, हे तिला लोसादापेक्षा चांगलं ठाऊक होतं. बावीस वर्षं तीच कापत आली होती. ती इस्पितळाच्या जिन्यात, जिथं जरा शांत होतं, तिथं जाऊन बसली. नोएमी तिच्या शेजारी बसली. आंपारोनं फोन तोंडाशी धरला. आवाज मऊ करायचा प्रयत्न तिनं केलाच नाही. दुपारी ओरडून तो फाटला होता, तसाच राहू दिला.

"मी आंपारो बारागान, गुरुवार चौदा ऑगस्ट दोन हजार पंचवीसच्या संध्याकाळी बोलतेय. चौदा ऑगस्टला ला नोरियाच्या पाण्यात खत आहे, ते उकळलं तर चौदा ऑगस्टला बाळ मरेल. चौदा ऑगस्टला बाळांना फक्त बाटलीतलं पाणी द्या, बाळाची नखं राखाडी दिसली तर चौदा ऑगस्टलाच इस्पितळ गाठा, इथं चौदा ऑगस्टला कुणी तुमचे कागद विचारत नाही, मी इथंच बसलेय." तिनं दम घेतला. बावीस वर्षांत जे वाक्य म्हणायची वेळ येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं, ते आता म्हणायचं होतं. "आणि हे ऐकताना चौदा ऑगस्ट नसेल, तर माझ्यावर विश्वास ठेवू नका. मागे धून वाजत असली तरी ठेवू नका. मी आता रेडिओवर नसते."

नोएमीनं होकारार्थी मान हलवली. आंपारोनं ते लोसादाला पाठवलं आणि त्याच दमात वेन्चेलाही पाठवलं, धुनीशिवाय.